आयबीडीच्या पोराला फॅटी लिव्हर निघालं तर आधी डाएट नको, आधी कारण शोधा

सोनोग्राफीच्या कागदावर खाली कुठंतरी 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' अशी एक ओळ असते आणि ती वाचून अख्ख्या घरात गोंधळ सुरू होतो. आजी म्हणते तूप बंद करा, शेजारचे काका म्हणतात गुळवेलीचा काढा द्या, मामा फोनवरून सांगतो पोराला रोज रंकाळ्याला पळायला न्या, आणि यातलं एकही वाक्य त्या पोराला आयबीडी, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा लांबचा आजार, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, आहे हे धरून सांगितलेलं नसतं. मी डॉक्टर नाही, आयबीडी असलेल्या पोराचा बाप आहे, आणि कोल्हापुरात राहून हे सगळं सांभाळताना जे वाचलं, विचारलं, डॉक्टरांकडून समजून घेतलं ते एका जागी लिहून ठेवतोय.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगतो. साध्या जाड मुलाच्या फॅटी लिव्हरला जे उपाय सांगतात ते आयबीडीच्या पोराला जसेच्या तसे लावायचे नाहीत. कारण इथं लिव्हरमधली चरबी जास्त खाण्यानंही येते आणि कमी खाण्यानंही येते, औषधानंही येते, आणि कधीकधी चरबीच्या नावाखाली दुसराच आजार लपलेला असतो. कारण न शोधता डाएट सुरू केलं तर आधीच वजन न धरणारं पोर अजून खंगतं.

आज लगेच काय करायचं नाही

स्टिरॉइड स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. 'स्टिरॉइडनं लिव्हर खराब झालं' असं कुणी म्हणालं की पहिला हात त्या गोळीवर जातो, पण काही आठवडे प्रेडनिसोलोन चालू असलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, मग अचानक बंद केलं तर पोर गळून जातं, उलट्या होतात, बीपी पडतं, प्रसंगी जिवावर बेततं. डोस डॉक्टरच पायरीपायरीनं खाली आणतात. दुसरं, जेवण कमी करायचं नाही. तिसरं, कुठलंही 'लिव्हर टॉनिक' आणायचं नाही, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

आणि घाबरायचंही नाही. लिव्हरमध्ये थोडी चरबी साठणं ही बहुतेक वेळा सावकाश चालणारी आणि कारण सापडलं तर मागे फिरणारी गोष्ट असते. एक-दोन आठवडे नीट माहिती गोळा करण्यात गेले तर काही बिघडत नाही. अपवाद फक्त धोक्याच्या लक्षणांचा: डोळे पिवळे, लघवी चहासारखी, संडास पांढुरकी, अंगाला खाज, पोट फुगून ताणलेलं, रक्ताची उलटी, पोर गुंगीत किंवा बरळतंय. यातलं काहीही असलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

फाइल घेऊन बसा

हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. एक दोनशे पानी वही घ्या, पान आडवं धरून रकाने पाडा: तारीख, वजन, उंची, एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी (हे तिन्ही लिव्हरचे एन्झाइम), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), सीआरपी, कॅलप्रोटेक्टिन (हे दोन सूज दाखवतात), हिमोग्लोबिन, आणि शेवटचा रुंद रकाना 'तेव्हा काय औषध चालू होतं'. जुने सगळे रिपोर्ट जमिनीवर पसरून एकेक ओळ भरत जा. पिशवीतले कागद सुटे असताना जे दिसत नाही ते इथं दिसतं. समजा एसजीपीटी मार्चमध्ये २४ होतं, जूनमध्ये ७०, आणि शेवटच्या रकान्यात मे महिन्यासमोर अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू केल्याचं लिहिलंय, तर डॉक्टरांना पहिला प्रश्न काय विचारायचा ते तुम्हाला आपोआप कळलं.

आता एसजीपीटी म्हणजे एएलटी, त्याबद्दल एक गोष्ट. लॅबच्या कागदावर नॉर्मलची वरची मर्यादा ४० किंवा ४५, कधी ५५ सुद्धा छापलेली असते आणि ती मोठ्या माणसांची असते. मुलांच्या फॅटी लिव्हरबद्दलची अमेरिकेतल्या नॅस्पगॅन या बालरोग गॅस्ट्रो संघटनेची २०१७ ची गाइडलाइन आहे, त्यात मुलींसाठी २२ आणि मुलांसाठी २६ ही वरची मर्यादा धरलीय. त्याच्या दुपटीच्या वर तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर नीट तपास करायचा आणि ८० च्या वर गेलं तर जास्त गांभीर्यानं घ्यायचं असं ते सांगतात. म्हणजे तुमच्या पोराच्या रिपोर्टवर ५२ असताना शेजारी स्टार नाही म्हणून 'नॉर्मल आहे' असं धरून चालू नका. उलट बाजूही खरी आहे, एसजीपीटी चांगलं असूनही लिव्हरमध्ये चरबी असू शकते.

अल्कलाइन फॉस्फटेज जास्त दिसलं की पालक दचकतात, पण वाढीच्या वयात ते हाडांमुळं वाढलेलंच असतं. म्हणून पोरांमध्ये पित्तनलिकेचा अंदाज घ्यायला जीजीटी बघतात. लिव्हर प्रोफाइलमध्ये बऱ्याच लॅबमध्ये जीजीटी धरलेलं नसतं, ते वेगळं सांगून लिहून घ्यावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

अल्ब्युमिन कमी आलं तर तेही लगेच लिव्हरच्या माथी मारू नका, आतड्याला सूज असली की प्रोटीन तिथूनच गळतं.

वजन-उंची घरीच घ्या, दर महिन्याला, एकाच काट्यावर. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे ग्रोथ चार्ट नेटवर मिळतात, बीएमआयच्या चार्टवर २३ आणि २७ अशा दोन रेषा आहेत, ५ ते १८ वयासाठी. २३ च्या रेषेवर म्हणजे वजन जास्तीकडं, २७ च्या वर म्हणजे लठ्ठपणा. शिवाय टेपनं कमरेचा घेर मोजा, तो उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पोटावर चरबी आहे. स्टिरॉइडवरच्या पोरांमध्ये हे फार फसवं असतं, गाल गोल, पोट पुढं, आणि दंड-मांड्या मात्र काडीसारख्या. आजी म्हणते "पोरगं बघ कसं बाळसं धरलंय," आणि खरं तर स्नायू कमी झालेले असतात. आपल्याकडं पैलवानकीचा वारसा असल्यामुळं गुबगुबीत पोर म्हणजे तब्येतीचं पोर हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की विचारू नका.

चरबी आली कुठून

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, त्यामुळं जरा लांबवतोय.

पहिली शक्यता, पोर बारीक आहे. आजार अॅक्टिव्ह आहे, जुलाब चालूत, भूक नाही, वजन घटतंय, आणि तरीही लिव्हरमध्ये चरबी. ऐकायला उलटं वाटतं पण सरळ आहे: लिव्हर चरबी बाहेर पाठवताना ती प्रोटीनमध्ये बांधून पाठवतं, खाण्यात प्रोटीनच नसलं की बांधायला काही उरत नाही आणि चरबी आतच साठत राहते. या पोराला तूप-तेल बंद, जेवण हलकं असलं पथ्य लावणं म्हणजे दुखण्यात भर. त्याचं औषध म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात आणणं आणि पोटभर, प्रोटीनचं खाणं.

दुसरी शक्यता, स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन भूक वाढवतं, इन्सुलिनचं काम बिघडवतं, चरबी पोटाकडं आणि लिव्हरकडं वळवतं. डोस कमी होत गेला की बऱ्याचदा हे खाली येतं. म्हणून इथं डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'फॅटी लिव्हरला काय औषध' हा नाही, तर 'स्टिरॉइड कधीपर्यंत संपेल आणि त्याऐवजी पुढं काय' हा आहे. आयबीडीत स्टिरॉइड हे आग विझवायला असतं, कायम चालवायला नसतं. पोराला दर दोन-चार महिन्यांनी परत स्टिरॉइडचा कोर्स लागत असेल तर मूळ ट्रीटमेंटच पुरी पडत नाहीये, असं समजून तो विषय स्पष्ट काढा. क्रोन्स असेल तर ईईएन बद्दल विचारा, म्हणजे सहा ते आठ आठवडे साधं जेवण बंद आणि फक्त डॉक्टरांनी दिलेला फॉर्म्युला. मुलांच्या क्रोन्समध्ये सूज उतरवायला ते बऱ्याच पोरांना स्टिरॉइडइतकंच लागू पडतं आणि वाढ खुंटत नाही, वजनही नीट धरतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसला मात्र हे चालत नाही.

तिसरी, सरळ जास्त वजन. आयबीडीची सगळी पोरं हडकुळी असतात हा समज आता जुना झाला. आजार शांत असलेली, बायोलॉजिकवर (सूज घडवणाऱ्या घटकालाच अडवणारी नवी औषधं) चांगली चाललेली बरीच पोरं जाड होतात, कारण आजारपणात 'खा बाबा काहीतरी खा' म्हणून लागलेली चिप्स-बिस्किट-कोल्ड्रिंकची सवय आजार गेला तरी जात नाही. या पोरांना नेहमीचे फॅटी लिव्हरचे उपाय लागू पडतात, थोडे जपून.

चौथी, औषधं. मेथोट्रेक्सेट (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं) लिव्हरमध्ये चरबी वाढवू शकतं आणि लांबच्या काळात लिव्हर कडकही करू शकतं, त्यामुळं फॅटी लिव्हर असताना ते चालू ठेवायचं का, डोस किती, हे डॉक्टरांशी मोकळं बोला. ही गोळी किंवा इंजेक्शन आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, कॅलेंडरवर वार लाल पेनानं लिहून ठेवा, कारण चुकून रोज दिली गेली तर ती विषासारखी काम करते. बरोबर फोलिक अॅसिड दिलेलं असतं, ते टाळायचं नाही. अॅझाथायोप्रिननं चरबीपेक्षा लिव्हरला सूज किंवा एन्झाइम वाढणं जास्त दिसतं. त्याचबरोबर पांढऱ्या पेशी घसरतात, आणि आपल्या भारतीय लोकांमध्ये एनयूडीटी१५ नावाच्या जीनमधल्या बदलामुळं हा त्रास जास्त दिसतो, म्हणून औषध सुरू करायच्या आधी ती टेस्ट करून घेता येईल का ते विचारा.

आणि आपल्याकडचा खास विषय, एकेटी म्हणजे टीबीची औषधं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की भारतात बऱ्याच पोरांना आधी टीबीची औषधं चालू झालेली असतात, किंवा बायोलॉजिक सुरू करण्याआधी लपलेला टीबी सापडला म्हणून दिलेली असतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. त्या काळात एन्झाइम वाढले तर फॅटी लिव्हरचा विचार नंतर, आधी एकेटीचा.

शिरेतून टीपीएन दिलेलं असेल, म्हणजे ऑपरेशननंतर किंवा फार आजारी असताना सलाइनमधून पोषण, तर त्यानंही लिव्हरला चरबी आणि पित्ताचा त्रास होतो. तो इतिहास नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, डिस्चार्ज पेपरमध्ये सापडेल.

आता लपलेले पाहुणे. आयबीडीच्या, विशेषतः कोलायटिसच्या मुलांमध्ये पित्तनलिकांना सूज येऊन त्या आक्रसण्याचा आजार असू शकतो, पीएससी, आणि मुलांमध्ये तो बऱ्याचदा ऑटोइम्युन हिपॅटायटिसच्या (प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार) जोडीनं येतो. काही त्रास नसतो, पोर हसतंखेळतं, फक्त जीजीटी वाढलेलं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आलं आणि सगळे तिथंच थांबले तर हा आजार वर्षानुवर्षं कळत नाही. त्याला एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि ऑटोइम्युनच्या रक्ततपासण्या लागतात. याशिवाय विल्सन म्हणजे तांबं साठण्याचा आजार, सीलिएक म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, हिपॅटायटिस बी-सी. तीन वर्षांच्या वरच्या कुठल्याही पोराच्या लिव्हरचं दुखणं असलं की विल्सनसाठी सेरुलोप्लाझ्मिन ही रक्ताची टेस्ट एकदा बघून घेतात. या सगळ्याच्या टेस्ट एकदम करायच्या नसतात, पण 'जीजीटी बघितलंय का, ऑटोइम्युन बघायची गरज आहे का' एवढं विचारायला संकोच करू नका.

तपासण्या आणि त्यांच्या मर्यादा

सोनोग्राफी स्वस्त आहे, दुखत नाही, पण ती डोळ्यांच्या अंदाजावर चालते. थोडीथोडकी चरबी, म्हणजे २० ते ३० टक्क्यांच्या खालची, तिला बऱ्याचदा दिसतच नाही, आणि ग्रेड १ की २ हे मशीनवर नि बघणाऱ्यावर ठरतं. त्यामुळं दर वेळी एकाच सेंटरला करा, उपाशीपोटी. लिव्हर कडक झालंय का हे साध्या सोनोग्राफीतून कळत नाही.

त्यासाठी फायब्रोस्कॅन. उजव्या बरगड्यांवर यंत्र टेकवून टकटक करतात, पोरं हसतात उलट. त्याआधी किमान तीन तास काही खायला द्यायचं नाही, नाहीतर आकडा वाढून येतो, आणि एन्झाइम खूप वाढलेले असताना केलं तरी आकडा फुगतो. लहान पोरांना छोटा प्रोब लागतो, तो तिथं आहे का ते फोन करून विचारूनच जा, नाहीतर हेलपाटा. एमआरआयवर चरबीची टक्केवारी नेमकी निघते पण खर्चिक आहे आणि प्रत्येकाला लागत नाही. बायोप्सी कारण सापडत नसेल किंवा जास्त बिघाडाची शंका असेल तेव्हाच.

रक्तात शुगर आणि लिपिड प्रोफाइल पण बघतात. एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज) केलं असेल तर लक्षात ठेवा, आयबीडीच्या पोरांना लोह कमी असल्यानं अॅनिमिया असतो आणि त्यात हा आकडा खरा येत नाही, उपाशीपोटीची शुगर सोबत बघायला सांगा.

पेडियाट्रिक गॅस्ट्रोचा डॉक्टर गावात मिळाला तर उत्तमच, नाहीतर पुणे-मुंबईला एकदा पूर्ण फाइल दाखवून प्लॅन ठरवून घ्यायचा आणि नेहमीचं रक्त, वजन, सोनोग्राफी इथल्या बालरोगतज्ज्ञांकडं करत राहायचं, असं बरेच आईबाप करतात. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन बालरोग विभागात दाखवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून आपल्या केसमध्ये काय बसतं ते विचारा. रेशनकार्ड, आधार, सगळे रिपोर्ट बरोबर न्या, एकाच चकरेत काम होतं.

खाण्याचं काय

पहिला नियम, आजार अॅक्टिव्ह असताना लिव्हरसाठी वेगळं डाएट नाही. त्या काळात पोट भरणं आणि सूज उतरणं हेच लिव्हरचंही डाएट. मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, दही, शिजवलेल्या भाज्या, मासे खात असाल तर मासे. डॉक्टरांनी फॉर्म्युला दिला असेल तर त्याच्या डब्यावर साखर-माल्टोडेक्स्ट्रिन वाचून तो कमी करायचा नाही, ते औषध आहे.

आजार शांत झाल्यावर खरी चाळणी लावायची, आणि ती लावायची गोडावर. तेलातुपावर नंतर. फॅटी लिव्हर म्हटलं की लोक तूप बंद करतात आणि चहात गूळ घालतात. कोल्हापूरचा गूळ जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनवाला आहे, मलाही आवडतो, पण लिव्हरच्या दृष्टीनं तो साखरच आहे, काकवी पण साखरच, आणि उसाचा रस तर ग्लासात ओतलेली साखर. त्यातला फ्रुक्टोजचा भाग लिव्हर थेट चरबीत बदलतं. २०१९ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वयाच्या मुलग्यांवर एक अभ्यास झाला, आठ आठवडे वरची साखर जवळजवळ बंद केली, तर लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. तो अभ्यास आयबीडीच्या मुलांवरचा नव्हता, पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: साखर एकट्या पोराची नाही, अख्ख्या घराची कमी केली होती. बाप समोर बसून कोल्ड्रिंक पितोय आणि पोराला म्हणतोय तू ताक पी, हे चालत नाही हो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ च्या आत. १८०० कॅलरी खाणाऱ्या पोराला ५ टक्के म्हणजे दिवसाला साधारण पाच चमचे, त्यात दुधातली ताकदीची पावडर, टोस्ट, बिस्किट, जॅम, केचप सगळं आलं. एका दिवसाचं घरातलं खाणं कागदावर लिहून बघा, पाच चमचे सकाळी दहापर्यंतच संपलेले असतात. पावडरच्या डब्यामागं 'दर १०० ग्रॅममध्ये साखर' ही ओळ वाचा, मग ताकद कशाची आहे ते कळेल. अख्खं फळ चालतं, ज्यूस नको.

मिसळ, तांबडा-पांढरा याबद्दल सगळेच विचारतात. तिखटानं लिव्हरला चरबी चढत नाही. पण आतडं सुजलेलं असताना कट आणि तर्री पोटाला सोसत नाही, आणि वर तरंगणारं तेल कॅलरी वाढवतं. आजार शांत असताना महिन्यातून कधीतरी, कट कमी घालून, पाव एकच, असं खाल्लं तर आभाळ कोसळत नाही. पोराला 'तू आजारी' म्हणून सगळ्या घराच्या रविवारातून बाजूला काढणं मला तरी जास्त वाईट वाटतं. पांढऱ्या रश्शातलं मटण प्रोटीनच आहे शेवटी, वाटीत पीस जास्त, रस्सा कमी.

आता एक ठिकाण जिथं दोन आजारांची पथ्यं एकमेकांशी भांडतात. फॅटी लिव्हरला सांगतात कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, सालासकट सगळं खा. पण क्रोन्सनं आतडं एखाद्या ठिकाणी अरुंद झालेलं असेल तर मटकीची सालं, कच्चं गाजर, मक्याचे दाणे, उसाचा चोथा तिथं अडकतात, पोट फुगतं, उलट्या सुरू होतात, प्रसंगी अॅडमिट व्हावं लागतं. त्यामुळं असा अरुंद भाग, म्हणजे स्ट्रिक्चर, आहे का हे एमआर एन्टेरोग्राफीच्या (आतड्याचा एमआरआय) रिपोर्टवर बघा किंवा विचारा. असेल तर फायबर बंद न करता रूप बदला: भोपळा, दोडका, दुधी सालं काढून मऊ शिजवून, नाचणीची आंबील ताक घालून, सालं काढलेलं सफरचंद वाफवून. ज्वारीची भाकरी बऱ्याच पोरांना चांगली मानवते, काहींना नाही, आपापलं बघायचं.

वजन कमी करायचं असेल तरी ते घाईनं नाही. वाढत्या वयात बहुतेकदा वजन आहे तिथंच रोखून उंची वाढू दिली की बीएमआय आपोआप खाली येतो. उपवास, क्रॅश डाएट, मोठ्यांची इंटरमिटंट फास्टिंग पोरावर अजिबात नको, झपाट्यानं वजन उतरलं तरीही लिव्हर बिघडू शकतं.

स्टिरॉइडची भूक

ज्यानं बघितली नाही त्याला कळणार नाही. रात्री जेवून उठलेलं पोर साडेनऊला परत फ्रीज उघडून उभं असतं, डोळ्यांत पाणी, "आई खरंच भूक लागलीय." खोटं नसतं ते, औषधच तसं आहे. ओरडून उपयोग नाही, आधीच तयारी ठेवायची. गोळी दिवसातून एकदा असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी नाश्त्यानंतर द्या, झोप बरी लागते. दिवसाचं खाणं पाच-सहा छोट्या भागांत वाटा, प्रत्येकात प्रोटीन: उकडलेलं अंडं, पनीरचे तुकडे, मुगाचं धिरडं, घट्ट ताक. रात्रीच्या भुकेसाठी एक डबा ठरवून ठेवा, त्यात घरी केलेला कमी तेलाचा भडंग, पोट सोसत असेल तर भाजलेले फुटाणे. घरात खारी-टोस्टचा पुडा आणायचाच नाही, आणला की तो संपणारच. मीठ पण कमी, स्टिरॉइडमध्ये अंगावर पाणी धरतं आणि बीपी चढतं.

हालचाल

दिवसातून तासभर खेळ, घाम येईल असा, पण आजार शांत असताना. अॅनिमिया असेल, सांधे दुखत असतील तर सावकाश. रंकाळ्यावर चालणं, सायकल, पोहणं, जे पोराला आवडेल ते. स्टिरॉइडनं गेलेले स्नायू परत यायला जोर-बैठका चांगल्या, ओळखीची तालीम असेल तर वस्तादांना आजाराची कल्पना देऊन बिनधास्त पाठवा, फक्त तिथली खुराक घेऊ नका. बदाम-थंडाईत किती साखर असते ते वेगळं सांगायला नको.

काढे, पेनकिलर, दूध, पाणी

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती, कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो आपला विषय नाही. आपला विषय एवढाच की गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवतो म्हणून देतात आणि आपल्या पोराला औषधं दिलीत ती प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी. आयबीडीच्या पोराला कुठलाही काढा, भस्म, हळदीच्या कॅप्सूल, जिमची पावडर डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय नको. भाजीतली हळद चालते, त्याबद्दल बोलत नाहीये. व्हिटॅमिन ई पण नेटवर वाचून सुरू करू नका.

तापाला पॅरासिटॅमॉल वजनाप्रमाणे, किलोला १५ मिलिग्रॅम एका वेळी, डोसात चार ते सहा तासांचं अंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या हद्दीत. मेडिकलवाला तापाचं म्हणून जे सिरप देतो त्यात बऱ्याचदा आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड मिसळलेलं असतं, त्यानं आयबीडी भडकू शकतो, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचूनच घ्या. आणि इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असताना आलेला ताप घरी दोन दिवस बघत बसायचा नसतो.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस पिळून समोर ग्लास भरून देतात, कोल्हापूरकराला त्याचं कौतुक सांगायला नको. पण इम्युनिटी दाबलेल्या पोराला कच्चं दूध नको, टीबी, ब्रुसेला यांची भीती असते. घरी नेऊन उकळून साय काढून द्या. पाणी उकळलेलंच. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती ते आपल्या भागात सगळ्यांना आठवतंय, आणि आधीच चरबी असलेल्या लिव्हरला काविळीचा दणका जास्त बसतो. हिपॅटायटिस बी चे डोस झालेत का, अँटीबॉडी आहेत का ते तपासून घ्या. हिपॅटायटिस ए ची लस आपल्याकडं दोन प्रकारची मिळते, एक जिवंत विषाणूची आणि एक मारलेल्या विषाणूची. अॅझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक किंवा जास्त स्टिरॉइडवर असलेल्या पोराला जिवंत लस चालत नाही, टोचायच्या आधी सिस्टरला नाव वाचून दाखवायला सांगा.

पुढं कधी काय बघायचं

वजन-उंची दर महिन्याला घरी, वहीत. एन्झाइम साधारण दर तीन महिन्यांनी, नवं औषध सुरू झालं असेल तर त्याहून लवकर, अॅझाथायोप्रिनच्या सुरवातीला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) एक-दोन आठवड्यांनी. सोनोग्राफी सारखी सारखी करून काही हाती लागत नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा सहा महिने ते वर्षानं. दर भेटीला वहीचं शेवटचं पान डॉक्टरांसमोर उघडून ठेवा आणि तीनच प्रश्न विचारा: आतड्याची सूज आत्ता किती आहे, स्टिरॉइड कधी संपतंय, आणि एन्झाइम वाढलेत ते चरबीनं की औषधानं की पित्तनलिकेमुळं. तिसऱ्याचं उत्तर 'बघू पुढच्या वेळी' असं दोनदा आलं आणि आकडा खाली येत नसेल तर लिव्हरच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी मागा.

शाळेत वर्गशिक्षकांना स्टिरॉइडचं एक कार्ड देऊन ठेवा, पोराचं नाव, औषध, डोस, तुमचा नंबर, आणि 'अपघात, उलट्या किंवा बेशुद्धी झाल्यास दवाखान्यात हे कार्ड दाखवा' अशी ओळ. कोर्स संपल्यावरही काही महिने ते दप्तरात राहू द्या, किती ते डॉक्टरांना विचारा.